शिजलेलं विकू नये

सकाळी सातला मी गंजगोलाईत सुशीला खातो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यापुढं हे वाक्य बोललं की तो एकदा माझ्याकडं बघतो, एकदा माझ्या बायकोकडं. सुशीला म्हणजे मुरमुरे. पाण्यात बुडवून काढायचे, तळव्यात दाबून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट टाकायचं. सोबत मिरचीचं भजं. पोह्यांपेक्षा स्वस्त, पोटाला हलकं, आणि गाडीवरच्या मावशीचा हात चालू असेल तर दोन मिनिटांत ताटलीत.

एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो. लातूर–नांदेड ही माझी गाडी. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गोदावरीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी माघारी. त्यामुळं आयुष्यातलं निम्मं जेवण मी उभ्यानं जेवलो आहे आणि त्यातलं बहुतेक विकत घेऊन. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की मी ज्या घरात वाढलो तिथं विकलेलं अन्न खाणं हे हलकं आणि अन्न विकणं हे पाप समजलं जायचं. आजीचा नियम होता: “दाणं इकावं, पीठ इकावं. शिजलेलं इकू नये.” ती तो चुलीपुढं बसून सांगायची, जसं जळतं लाकूड ओलांडू नये सांगावं तसं.

हा नियम तिला कुठून आला असेल, याचा पत्ता मला बसमध्येच लागला. अहमदपूरला चढणारे एक संस्कृतचे शिक्षक होते. बसायला जागा नसली की माझ्या शिटाजवळ उभे राहून बोलायचे. ते म्हणाले, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. ब्राह्मणावर वाईट वेळ आली आणि व्यापार करून जगायची पाळी आली, तर त्यानं काय काय विकू नये याची यादी. तीत शिजवलेलं अन्न आहे, आणि तीळही आहेत. मला हसू आलं. आम्ही लिंगायत. आजीच्या गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि कानावर मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चं पारायण. वर्णाची उतरंड नाकारून उभ्या राहिलेल्या पंथातली ही बाई. तिच्या चुलीपर्यंत मनूचा एक नियम पोचला होता आणि तिनं तो आपला म्हणून सांभाळला होता. नियमांनाही तिकीट लागत नाही. ते कुठंही चढतात, कुठंही उतरतात.

पण नियमामागं काहीतरी खरं होतं असं मला अजून वाटतं. भुकेल्याला शिजलेलं अन्न दाखवून पैसे मागणं, यात एक गळा धरणं आहेच. दाणे विकत घेणारा अजून उद्याचा विचार करतो आहे. शिजलेलं विकत घेणाऱ्याला आत्ताच भूक लागलेली आहे. त्या भुकेचा भाव करणं आजीला नको होतं.

आता गोलाईकडं बघा. 1917 साली आखलेलं हे वर्तुळ, मधोमध जगदंबेचं देऊळ, आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. पैशाच्या चाकाला मधोमध देवी, हे मला लातूरचं सगळ्यात खरं चित्र वाटतं. देवीपुढं नारळ फुटतो आणि तिच्या पाठीमागं चिंच, मिरची, गूळ, बांगड्या, टोपल्या यांचा भाव ठरतो. सकाळी या वर्तुळात हमाल, शिकवणीची पोरं, दुकानदार, बुरख्यातल्या बायका, गावाकडून भाजी घेऊन आलेल्या माळणी सगळे एकाच गाडीभोवती उभे राहून खातात. कुणाच्या हाताचं, कुणाच्या ताटलीत, आधी कोण खाऊन गेलं, कुणी विचारत नाही. आमच्याकडं जातीजातींत जेवणखाण चालतं की नाही याला शब्द आहे ‘रोटीव्यवहार’. पिढ्यान्‌पिढ्या या व्यवहारात रोटी अडकून पडली. ती सोडवली ती दुसऱ्या व्यवहारानं, रोख पैशाच्या. लगेच सुटली असंही नाही. आमच्या लहानपणी खेड्यातल्या हॉटेलात दलितांच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. पैसे घ्यायचे आणि कप वेगळा. पण पैसे घेतले की वेगळा कप टिकवणं हळूहळू अवघड होत जातं, निदान गर्दीच्या शहरात तरी. पंगत बसवून प्रेमानं वाढणाऱ्यांनी जे केलं नाही ते गल्ला मोजणाऱ्यांनी केलं, हे कबूल करताना मला जरा त्रास होतो.

मराठीतला ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द बघा. एकाच पंगतीत एकाला तूप, दुसऱ्याला नुसता भात. असा शब्द लागावा इतका तो प्रकार आपल्याकडं नेहमीचा होता. गोदावरीच्या काठानं वर गेलं की पैठण. तिथं एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक वाड्यामागून जाणाऱ्या महारांना आधी वाढला आणि गावच्या ब्राह्मणांनी त्यांच्या घरी जेवायचं नाकारलं, ही गोष्ट मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याच गोदावरीच्या काठानं खाली आलं की नांदेड, आणि तिथंही पंगतच. शब्द तोच, उच्चार तोच. अर्थ उलटा.

नांदेडला माझी वस्ती असायची. गाडी लागली, हिशोब भरला की मी आणि ड्रायव्हर बाहेर पडायचो. आमचे ड्रायव्हर मुसलमान, मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना चाचा. वजिराबादेतून इतवाऱ्याकडं जाताना निजामाचं राज्य 1948 साली संपलं यावर नाकाचा विश्वास बसत नाही. मसुरीच्या डाळीची पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा, बिर्याणीचे हंडे, रमजानमध्ये हलीम, शीग. मध्येच तेलंगणाकडच्या माणसाची इडली, त्याच्या चटणीत धर्माबादची मिरची. आणि गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर छोले-कुलचे, लस्सीचे उंच पेले. चाचा खिचडीबरोबर खिमा घेत, मी नुसता खट्टा. एकाच रस्त्यावर हलालची पाटी आणि झटक्याची पाटी. एकदा मी शहाणपणा केला. म्हणालो, “चाचा, तुमचा हिशोब वेगळा, सरदारजींचा वेगळा. आम्ही जीवच घेत नाही, त्यामुळं आम्हाला हिशोबच नाही.” चाचांनी खट्ट्यात बोट फिरवत विचारलं, “मास्तर, उजनीला थांबून बासुंदी पिता तुम्ही, वासराला इचारून पिता काय?” त्या दिवसापासून उजनीची बासुंदी मी सोडली नाही, पण पिताना चाचा आठवतात.

चाचा इतवाऱ्यात जेवले की मी लंगरला जायचो.

सुरुवातीला फुकट म्हणून जायचो, खोटं कशाला बोलू. नगीनाघाटाजवळ लंगर साहिब गुरुद्वारा आहे. संत बाबा निधान सिंग यांनी तो लंगर सुरू केला. ते पंजाबात परत निघाले होते आणि नांदेडच्या स्टेशनावरून माघारी फिरले, अशी तिथली श्रद्धा आहे. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली याच गावात देह ठेवला आणि ग्रंथाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात आमच्या हिंगोलीजवळच्या नरसीच्या नामदेवांची 61 पदं आहेत. म्हणजे मी काही परक्याच्या घरी जेवत नव्हतो. डोक्याला रुमाल बांधायचा, पट्टीवर मांडी घालून बसायचं, ताट पुढं ठेवायचं. सेवादार येतो, “प्रशादा जी” म्हणतो, आणि पोळी ताटात पडत नाही. दोन्ही हात पसरून घ्यावी लागते. पहिल्यांदा मी एक हात केला. त्यानं पोळी तशीच धरून ठेवली आणि वाट बघितली.

तेव्हा मला आजी आठवली, आणि का आठवली ते सांगायला 1993 पर्यंत मागं जावं लागेल.

30 सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं भूकंपात माणसांच्या अंगावर बसली. माझे आजोबा आणि धाकटी बहीण गेली. यावर मी जास्त लिहीत नाही.

मग मदत आली. देशभरातून आली, माणसांनी जीव तोडून काम केलं, त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढणार नाही. पण जेवणाची रांग लागायची. आजी, जिनं आयुष्यभर दारात आलेल्या जंगमाला, फकिराला, वाटसरूला वाढलं, ती जर्मनचं ताट घेऊन रांगेत. पुढं कुणीतरी फोटो काढत होतं. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि ताट पुढं केलं. आठ-नऊ दिवसांनी ती रांगेत जायची थांबली. फुटाणे खाऊन राहिली. मी रागावलो तर म्हणाली, “भूक भागलालीय रे, पन मान वर होईना.”

त्या वर्षीची येळवस पत्र्याच्या शेडांत आली. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर–धाराशिवकडच्या माणसाला हा सण समजावून सांगावा लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडवांचे दगड चुना लावून पुजायचे. हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची आंबटसर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात ज्वारीची ताकातली आंबील. आंबील शिंपडत रानाला फेरी मारताना आम्ही जे ओरडतो ते शब्द कानडी आहेत आणि ओरडणाऱ्या बहुतेकांना कानडी येत नाही. त्या दिवशी कुणालाही बोलावतात. ओळख लागत नाही, जात-धर्म लागत नाही, रस्त्यानं जाणारा ओढून आणतात. आजीनं त्या वर्षी शेजारच्या चार बायका गोळा केल्या, रानात तीन दगड मांडले, आणि परराज्यातून आलेल्या एका संस्थेच्या पोरांना जेवायला बोलावलं. तीच पोरं, ज्यांच्या रांगेत ती उभी राहिली होती. त्यांना भज्जी वाढताना ती सारखी “अजून घे, अजून घे” करत होती. एका पोरानं पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला तर तिनं हातावरच वाढलं. तीन महिन्यांनी तिची मान वर झाली.

मला त्या रांगेत जे दिसलं होतं त्याला आमच्या भाषेत नेमका शब्द आहे: मिंधेपणा. अन्न विकल्यानं विटाळतं का, हा आजीचा प्रश्न. माझा प्रश्न बदलला. अन्न खाऊन उठणारा माणूस मिंधा होऊन उठतो का? कंडक्टर म्हणून मला हे आधीच कळायला हवं होतं. तिकीट काढलेला माणूस शिटावर कसा बसतो बघा, पाय पसरून, खिडकीशी भांडत. पास नसलेला, ओळखीवर चढलेला माणूस दांडा धरून अवघडून उभा राहतो, जागा असली तरी. पैसे दिले की उपकार फिटतो. बाजाराची ही एक दया आहे, आणि ती धर्माच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही.

मग फुकट तेवढं मिंधं करणारं, असं म्हणावं तर लंगर आडवा येतो. आणि दुसरंही एक फुकट आडवं येतं, ते सांगायला लाज वाटते. लांबच्या गाड्या एखाद्या ठरावीक हॉटेलवर थांबतात. प्रवासी महागाची कळकट मिसळ खातात आणि ड्रायव्हर-कंडक्टरला आतल्या टेबलावर ताट मिळतं, बिल नाही. मी ती ताटं खाल्ली आहेत, वर्षानुवर्षं. ते अन्न फुकट नव्हतंच. माझ्या गाडीतली चाळीस माणसं मी त्या ताटावर विकली होती. एका म्हातारीनं एकदा दारात येऊन विचारलं, “कंडक्टर, हितंच का थांबिवलास? म्होरं स्वस्तात मिळतंय की.” मी घास गिळला आणि घंटा मारायला गेलो. त्यानंतर डबा न्यायला लागलो. चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीही डबा आणला.

लंगरमध्ये असं का होत नाही, याचं उत्तर मला ताटं घासताना सापडलं. जेवून उठलो की मी घासायच्या जागी जाऊन उभा राहायचो. शेजारी कधी पंजाबातून आलेला जमीनदार, कधी नांदेडचाच, अस्सल मराठी बोलणारा दख्खनी शीख, कधी कुणी दलित शेतमजूर. तिथं देणारा कुठं दिसतच नाही. वाढणारा काल जेवत होता, जेवणारा उद्या घासेल. पोळी दोन्ही हातांनी घ्यायची ती वाढणाऱ्याकडून घेत नाहीत, म्हणून मान खाली जात नाही. गुरू नानकांची सौद्याची गोष्ट त्यांच्याकडं सांगतात. वडिलांनी वीस रुपये दिले, चांगला सौदा करून ये म्हणाले, आणि पोरानं वाटेत भुकेल्या साधूंना जेवू घालून पैसे संपवले; म्हणाला, हाच खरा सौदा. मला त्यातला ‘सौदा’ आवडतो. दान म्हटलं नाही त्यांनी. आणि शीखांच्या तीन गोष्टींत नाम आहे, वाटून खाणं आहे, पण त्यांच्याबरोबरीनं कष्टानं कमावणंही आहे. म्हणजे गुरुद्वाऱ्याबाहेर कुलचे विकणारा माणूस आतल्या पंगतीपेक्षा धर्मानं खालचा नाही. तो आपल्या कष्टाचं खातोय.

हे मला नांदेडला कळलं आणि लातूरला परतल्यावर लक्षात आलं, अरे, हे तर आपल्याकडं आहे. निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकात, बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी तिथं दोन शब्द शेजारी ठेवले, कायक आणि दासोह. कष्टाचं काम हीच पूजा, आणि त्यातून आलेलं सर्वांत मिसळून खाणं. आजी पारायणाला डोलायची, तिला हे पाठ होतं. तिची आवडती गोष्ट आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या नवरा-बायकोची. अंगणात सांडलेले तांदूळ वेचणं हे मारय्याचं काम, त्यावर ते शरणांना जेवू घालत. एक दिवस त्यानं नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं ते बघितले आणि त्याला म्हटलं, आपल्याला लागतात तेवढे ठेव, बाकीचे होते तिथं टाकून ये. गरिबाच्या घरातल्या बाईनं तांदूळ परत पाठवले. ही गोष्ट ऐकून आजी दर वेळी “बग” म्हणायची, जणू लक्कम्मा शेजारच्या आळीतली.

तैत्तिरीय उपनिषदातला भृगू बापाकडं ब्रह्म काय ते विचारायला जातो. बाप म्हणतो, तप कर. तप करून तो येतो: अन्न. बाप पुन्हा पाठवतो. प्राण, मन, विज्ञान करत तो आनंदापर्यंत पोचतो. हेही मला त्याच शिक्षकांनी सांगितलं, लोहा यायच्या आत. मी म्हणालो, म्हणजे अन्न ही पहिलीच पायरी, खालची. ते म्हणाले, नाही, पुढं ऐक. आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद परत अन्नाकडं वळतं. अन्नाला नावं ठेवू नकोस, अन्न वाढव, दाराशी आलेल्याला परत पाठवू नकोस. लोहा आलं, ते उतरले.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दहा टाक्यांची पहिली गाडी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात गोलाईतल्या गाड्यांवर ताटल्या धुवायला पाणी नव्हतं, तर कागदावर सुशीला मिळायची, आणि पाण्याचे जार विकत. आजीच्या नियमात पाणी नव्हतंच. पाणी विकता येतं हेच तिला सुचलं नसावं.

येळवशीला मात्र गोलाई ओस असते. सोळाही रस्ते रिकामे. सगळं शहर रानात गेलेलं. त्या दिवशी लातुरात विकत खायचं म्हटलं तर मिळता मिळत नाही, आणि फुकट इतकं मिळतं की माणूस लपून बसतो.

आता आईविषयी. भूकंपानंतर आम्ही लातुरात आलो. माझ्या पगारात घर चालेना. तेव्हा लातूर पॅटर्नचं नाव होऊ लागलं होतं, गावोगावची पोरं शिकायला येत होती, आणि पोरांना जेवायला लागतं. आईनं 1994 साली खानावळ काढली. दोन खोल्या, बारा पोरं, मग तीस. आजीला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. ती काही बोलली नाही. फक्त आपली वेगळी चूल मांडली, कोपऱ्यात, तीन विटांची. त्यावर एक भाकरी आणि पळीभर वरण. खानावळीच्या पातेल्याला तिनं सहा वर्षं हात लावला नाही. आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो की हा तिचा निषेध. आईच्या मनाला तो लागायचा. दिवसभर तीस ताटं वाढणारी बाई आणि घरातलीच म्हातारी तिच्या हातचं खात नाही.

मग आजीचा हात कापायला लागला. भाकरी तव्यावर नीट पडेना. एका संध्याकाळी आईनं रागानं तिच्यापुढं खानावळीचं ताट सरकवलं आणि म्हणाली, “आत्या, आता तरी खावा. काय विटाळ हाय यात?” आजी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. म्हणाली, “इटाळ कशाचा गं? पोरांनी पैसं भरल्यात. मोजून दाळ टाकलालीस तू. त्यातलं म्या खाल्लं तर त्या लेकरांचं कमी व्हईल का न्हाई?”

सहा वर्षं. आईनं पदर तोंडाला लावला, हसली का रडली ते मला दिसलं नाही.

त्यानंतर आजीनं खानावळीतलं खाल्लं, पण पैसे देऊन. तिच्या नावावर दोन एकर रान होतं, बटईनं दिलेलं. त्यातून येतील ते महिन्याला आईच्या हातावर ठेवायची. आई घ्यायची नाही, तर आजी ताटावर बसायची नाही. शेवटी आईनं घेतले.

आई गेल्यावर माळ्यावर खानावळीच्या वह्या सापडल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या. पोरांची नावं, गावं, ताटं, जमा, बाकी. हिशोब तपासायची सवय जात नाही, मी पानं उलटत बसलो. त्या सहा वर्षांनंतरच्या प्रत्येक वहीत शेवटच्या पानावर आजीचं खातं होतं, पोरांच्यासारखंच आखलेलं. शेवटच्या महिन्यात अकरा ताटं लिहिलेली आहेत. बाराव्या दिवशी आजी गेली. पोरं शिकून निघून गेली, काहींनी पैसे बुडवले, त्यांच्या बाक्या आईनं रेघ मारून खोडल्या आहेत. या अकरा ताटांपुढं मात्र ‘बाकी’ तशीच आहे.